हाताची जागा

सुप्रभा क्षीरसागरला नागोयात येऊन एकोणीस वर्षं झाली होती, पण तिथल्या आइस रिंकवर तिचं आडनाव सोडाच, नावसुद्धा कुणाला धड माहीत नव्हतं. जपानात आयांना मुलांच्या नावाने ओळखायची पद्धत आहे. मुलगी राधिका, म्हणून ही 'राधिकामामा', म्हणजे राधिकाची आई. ही हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिच्या नवऱ्याला, श्रीहरीला, हसू आवरेना. "आता कुणाचं जावळ असलं की मांडीवर घेऊन बसायला तुलाच बोलावणार," तो म्हणाला. सुप्रभाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिला एकूणच विनोद कमी कळत. शिवण मात्र कळे, आणि ती इतकी कळे की सोबतच्या माणसाला वैताग यावा.

बाई मूळची इचलकरंजीची. कोल्हापूरला शिवणकामाचा डिप्लोमा केलेला, आणि तोही स्थळांना सांगण्यापुरता नव्हे, खरोखर शिकण्यासाठी केलेला. श्रीहरी गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. दोन वर्षांच्या पोस्टिंगवर म्हणून आला आणि "पुढच्या वर्षी परत जाऊ" म्हणत म्हणत इथलाच झाला. सुप्रभाने स्टेशनखालच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात अर्धवेळ काम धरलं. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, कोटाला अस्तर लावायचं. सबवेत समोर बसलेल्या परक्या माणसाची कॉलर जरा तिरकी दिसली की ती अस्वस्थ व्हायची आणि श्रीहरी तिला कोपराने ढोसून म्हणायचा, "अगं, तो काय तुझं गिऱ्हाईक आहे का? बाहेर बघ." भुयारातल्या गाडीतून बाहेर काय बघायचं, हे त्याने कधी सांगितलं नाही.

राधिका सहा वर्षांची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला रिंकवर गेली आणि तिकडचीच झाली. बारा वर्षांची होईपर्यंत ती एकटीच स्केटिंग करायची. उड्या काही जमेनात. मग तिच्या कोच निवा-सेन्सेई, पन्नाशीच्या, सडपातळ, मोजकं बोलणाऱ्या बाई, त्यांनी एक दिवस सुप्रभाला बाजूला घेतलं. म्हणाल्या, ही मुलगी उचलल्यावर घाबरत नाही, हिला जोडीत घालू या. अडचण एवढीच की या देशात स्केटिंग करणाऱ्या मुली ढिगाने आहेत आणि मुलगा मिळणं कठीण. ते ऐकून सुप्रभाला क्षणभर आपण इचलकरंजीतच आहोत असं वाटलं. मुलगा मिळाला तो नागोयाजवळच्या ताजिमी गावचा. तांदळाच्या दुकानदाराचा मुलगा, शुम्पेई कातागिरी, वय पंधरा, खांदे रुंद, आणि बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागे. राधिकाने त्याला 'काकू' हा शब्द शिकवला. त्याने आदराने त्याला 'सान' जोडलं. नऊ वर्षं तो सुप्रभाला 'काकू-सान' म्हणत आला, तिच्या हातची थालीपीठं खात आला आणि खाऊन झाल्यावर ताट स्वतः विसळून ठेवत आला. या शेवटच्या गोष्टीमुळे तो सुप्रभाला घरच्या दोघांपेक्षा जास्त आवडे, आणि हे ती घरच्या दोघांना ऐकवत असे.

दोघांचे स्पर्धेचे कपडे अर्थातच तिने शिवायचे. जोडीच्या स्केटिंगमध्ये कपडे म्हणजे नुसती हौस नव्हे. मुलगा मुलीला डोक्याच्या वर उचलतो आणि तसाच गरगर फिरत बर्फावरून जातो. एका लिफ्टमध्ये तर तिचा सगळा भार त्याच्या एका तळव्यावर असतो, आणि तो तळवा तिच्या कमरेच्या हाडाशी. तिथे एक खडा, एक टिकली, एक जाड शिवण आली तरी हात सरकू शकतो. सुप्रभाने यावर आपली पद्धत काढली होती. ड्रेस कच्चा शिवून झाला की ती शुम्पेईच्या तळव्यांना शिंप्याच्या खडूची पूड चोळायची आणि त्याला राधिकाला उचलायला लावायची. कापडावर पांढरे पंजे उठायचे. त्या पंज्यांभोवती ती धावदोरा घालून घ्यायची, चारी बाजूंनी बोटभर जागा आणखी सोडायची, आणि त्या दोऱ्याच्या आत काही म्हणजे काही लावायचं नाही. याला ती 'हाताची जागा' म्हणायची. निवा-सेन्सेई दुसऱ्या मुलींच्या आयांना तिच्याकडे शिकायला पाठवत. एका आईने लेकीच्या कमरेवर एक छोटासा खडा राहू द्या म्हणून गळ घातली, तेव्हा सुप्रभाने तिला असं काही सुनावलं की पुढे महिनाभर ती बाई रिंकच्या मागच्या दाराने येत होती.

म्हणजे जी चूक झाली ती काही न कळणाऱ्या बाईच्या हातून झाली नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नऊ वर्षांत सुप्रभाने एकही लिफ्ट श्वास न रोखता पाहिली नव्हती. त्या भीतीवर तिच्याजवळ एकच उपाय होता, भंडारा. क्षीरसागरांचं कुलदैवत जेजुरीचं. दोन वर्षांनी कधी भारतात जाणं झालं की ती तिथून पुडी बांधून आणायची, आणि स्पर्धेच्या दिवशी निघताना दोघांच्या कपाळाला पिवळं बोट लावायची. राधिका स्टेशन यायच्या आत ते पुसून टाके. शुम्पेई मात्र तसाच पिवळ्या कपाळाने रिंकवर जाई, आणि कुणी विचारलंच तर "काकू-सानचा देव" एवढंच सांगे.

त्या वर्षी ऑक्टोबरात नागोयातच आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. फक्त जोड्यांची. नऊ देशांतून अकरा जोड्या आल्या होत्या. जोडीतला एक जण त्या देशाचा असला की चालतं, त्यामुळे भारतीय पासपोर्टची राधिका शुम्पेईबरोबर जपानकडून उतरली होती. तिचं वय एकवीस, त्याचं चोवीस. पहिल्या दिवसाच्या छोट्या कार्यक्रमानंतर ती दोघं चौथी होती. पहिल्या तीन जोड्यांत आली असती तर जागतिक स्पर्धेसाठी त्यांचं नाव पुढे जाणार होतं. नऊ वर्षं पहाटे साडेचारला उठून जे काही केलं ते एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सरावात तीच कमरेची लिफ्ट किंचित डगमगली. किंचितच. शुम्पेईने राधिकाला सावरून खाली उतरवलं आणि दोघं हसलीसुद्धा. वर रिकाम्या खुर्च्यांत बसलेली सुप्रभा मात्र उठून उभी राहिली. सराव संपल्यावर ती पर्समधून पुडी काढत खाली धावली. शुम्पेई मसाज करून घ्यायला निघून गेला होता. राधिकाने मान मागे घेतली.

"आज नको," ती जपानीत म्हणाली. मनापासून नको असलं की ती जपानीत बोलायची. मग आईचा चेहरा पाहून मराठीत आली, "आई, मेकअप करायचाय गं मला. टीव्हीवर क्लोजअपमध्ये दिसतं ते. प्लीज."

"अगं, एक बोट. लावून पुसून टाक."

"नको ना."

सुप्रभाने पुडी पर्समध्ये ठेवली. इस्त्री करायला ड्रेस घरी आणला. वाइनच्या रंगाचा, पाठीवर बारीक खड्यांची वेल असलेला, तिने आजवर शिवलेल्यातला सगळ्यात देखणा. इस्त्री झाली. तरी ती बोर्डापाशीच उभी राहिली. स्पर्धेच्या दिवशी ड्रेसला नवा टाका घालायचा नाही हा निवा-सेन्सेईंचा नियम, आणि तो इतर आयांना सतरा वेळा ऐकवणारी बाई हीच. तिने कमरेची तीन इंच शिवण उसवली. मलमलीच्या तुकड्यात चिमूटभर भंडारा घेतला. प्लास्टिकची पुडी शुम्पेईच्या हाताला कळली असती, म्हणून मलमल. आणि ती इतकी सपाट शिवली की वरून तिचं स्वतःचं बोट फिरवून पाहिलं तरी काही लागेना. अस्तर आणि वरचं कापड यांच्यामध्ये ती तिने बसवली. बरोबर हाताच्या जागी. जिथे धरून पोरीला उचलतात तिथेच देव असू दे, असं तिच्या मनात होतं. दुसरं काही नव्हतं. शिवण मिटवून तिने ड्रेस पुन्हा इस्त्री केला आणि नेऊन दिला. राधिकाला काही बोलली नाही.

कार्यक्रम फार सुरेख चालला होता. निवा-सेन्सेई कठड्याशी उभ्या राहून हाताची घडीसुद्धा सोडत नव्हत्या, म्हणजे सगळं ठीक होतं. शुम्पेई राधिकाला हवेत फेकतो त्या दोन्ही उड्या पार पडल्या. श्रीहरीने हातातला छोटा झेंडा पार चुरगळून टाकला होता. मग कमरेची लिफ्ट आली. शुम्पेईचा हात वर ताठ झाला, राधिका त्यावर आडवी, हात पसरलेले, दोघं फिरू लागली. दुसऱ्या फेरीला त्याचा तळवा सरकला. फार नाही, एखादं बोट. त्याने दुसरा हात वर नेला, स्वतःला तिच्याखाली झोकून दिलं, पण तोवर ती त्याच्या मागे बर्फावर पडली होती. पडल्याचा आवाज वरच्या रांगांपर्यंत आला. संगीत तसंच वाजत राहिलं, आणि मग कुणीतरी ते बंद केलं.

सुप्रभा पायऱ्या कशा उतरली ते तिला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की स्ट्रेचर येईपर्यंत शुम्पेई राधिकाशेजारी गुडघ्यांवर बसून उजवा तळवा आपल्या काळ्या पँटवर घासत होता. पुन्हा पुन्हा. घाम आला असेल, असं तिला वाटलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डोक्याला मार होता, पण तो दोन दिवसांत निवळला. ऑपरेशन करून स्क्रू घातले. चालेल, असं डॉक्टर म्हणाले, थोडी लंगडेल. आणि स्केटिंगचं कुणी विचारायच्या आत त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या दिवशी नर्सने एका पारदर्शक पिशवीत राधिकाचे कपडे दिले. ड्रेस कात्रीने उभा कापलेला होता.

घरी आल्यावर सुप्रभाने न्हाणीघराच्या फरशीवर बसून तो उघडला. मलमलीची पुडी चेपून गेली होती आणि जवळजवळ रिकामी होती. सगळा भंडारा कापडातून झिरपून वर आला होता. वाइनच्या रंगावर तो लांबून कुणाला दिसला नसता. घामाने भिजून त्याचं मऊ, बुळबुळीत काहीतरी झालं होतं. तिने त्यावर अंगठा टेकवला आणि जरासा दाब दिला. अंगठा सरकला.

टोफूचा डबासुद्धा धुऊन, वाळवून प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकणाऱ्या त्या बाईने तो ड्रेस खड्यांसकट, चेनसकट जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत कोंबला, आणि सकाळी गाडी येऊन पिशवी घेऊन जाईपर्यंत कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून लावलेल्या जाळीपाशी उभी राहिली.

आठव्या दिवशी शुम्पेई आपल्या आईला घेऊन घरी आला. दोघंही काळ्या कपड्यांत, हातात कागदात नीट बांधलेला मिठाईचा खोका. माफी मागायला जायची या देशात रीत आहे. काय घालायचं, काय न्यायचं, किती वाकायचं, सगळं ठरलेलं. पण शुम्पेई दारातच चपलांच्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि त्याने कपाळ जमिनीला टेकवलं, ते काही रीत म्हणून नव्हतं.

"माझा खांदा उन्हाळ्यापासून दुखत होता," तो जमिनीकडे तोंड करूनच म्हणाला. "मी कुणाला सांगितलं नाही. माझ्यामुळे झालं."

त्याच्या मागे त्याची आईही वाकली. श्रीहरीला राग धरायचा होता, आठ दिवस तो धरूनही होता, पण ते दृश्य त्याला बघवलं नाही. "ऊठ बाबा, ऊठ," तो चक्क मराठीत म्हणाला आणि त्याला दंडाला धरून उठवू लागला.

सुप्रभा मागे उभी होती. लाज वाटायला हवी होती. वाटलं ते सुटल्यासारखं. खांदा! म्हणजे खांद्यामुळे हात सरकला. भंडारा होता खरा, पण खांदा दुखत नसता तर काय झालं असतं? काही नाही. ती आत गेली आणि तिने चौघांसाठी चहा केला. कप देताना तिचा हातही थरथरला नाही, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

हॉस्पिटलात राधिकाला खांद्याचं कळलं तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. "आमचा एकच रूल होता," ती म्हणाली. "दुखलं की सांगायचं. बाकी कशावरही भांडा. मी माझं सगळं त्याला सांगत होते, आई. पाळीसुद्धा." तिने फोन मागून घेतला आणि त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला. त्याची पत्रं आली, ती तिने न फोडता परत पाठवली. सुप्रभा ती पोस्टात टाकायला जाई. रोज तिला उठवायची, बसवायची, न्हाऊ घालायची, पायाचे व्यायाम करून घ्यायची, आणि राधिका कधीकधी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणायची, "तू नसतीस तर काय झालं असतं गं माझं?" असं ती म्हणाली की सुप्रभाला त्या दिवशी घास गिळवत नसे.

जानेवारीत तिने श्रीहरीला सांगितलं. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, गाडीत. त्याने इंजिन बंद केलं.

"तुला नक्की माहितेय? त्यानेच झालं असं?"

"माझा अंगठा सरकला."

"अंगठा सरकला म्हणजे प्रूफ नाही झालं. तो स्वतः म्हणतोय ना, खांदा होता म्हणून? मग तू कशाला मध्ये पडतेस? आता सांगून काय हाड पहिल्यासारखं होणार आहे?" मग आवाज उतरवून म्हणाला, "राधिकाला सांगू नकोस, सुप्रभा. ती सोडून जाईल आपल्याला."

तो वाईट माणूस नव्हता. घाबरला होता. आणि सुप्रभाला कुणीतरी गप्प बस म्हणायला हवंच होतं.

जूनमध्ये निवा-सेन्सेई दुकानात आल्या. कोट आखूड करायचा होता. भर जूनमध्ये कुणी कोट आणत नाही, पण सुप्रभाने काही विचारलं नाही. बाह्यांवर टाचण्या लावून घेताना त्या म्हणाल्या, शुम्पेईने निवृत्तीचं पत्र दिलंय. महिनाअखेरीला ते मंजूर होईल. सेंदाईची एक मुलगी होती, चांगली होती, त्याच्याबरोबर करून बघायला तयार होती, पण तिच्या आईवडिलांनी नाही म्हटलं. दुखणं लपवणाऱ्या मुलाच्या हातात कोण आपली मुलगी देईल?

"बरोबर आहे त्यांचं," निवा-सेन्सेई म्हणाल्या. "पण मला एक कळत नाही, राधिकामामा. ऑगस्टमध्ये दोघांची पूर्ण तपासणी झाली होती. खांद्याचा फोटोसुद्धा काढला होता. काही नव्हतं. त्याला विचारलं तर म्हणतो, डॉक्टरांना समजलं नाही."

सुप्रभाच्या हातातली टाचणी बाईंच्या मनगटाला लागली. तिने माफी मागितली. बाई म्हणाल्या, असू दे.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती ताजिमीला गेली. तिथे उन्हाळा आधीच पेटला होता. दुकान स्टेशनपासून जवळ, बाहेर निळा पडदा, आत तांदळाचा कोंदट, गोडसर वास. शुम्पेई तीस-तीस किलोची पोती खांद्यावरून आणून रचत होता. उजव्या खांद्यावरून. तिला पाहून तो थांबला, टोपी काढली आणि वाकला.

"राधिका कशी आहे?" त्याने आधी तेच विचारलं.

"काठीने चालते." ती बसली नाही. बसली असती तर बोलता आलं नसतं. "शुम्पेई-कुन, त्या दिवशी ड्रेसमध्ये मी भंडारा शिवला होता. हाताच्या जागी. तुझ्या खांद्यामुळे नाही झालं ते."

शुम्पेईने हातातलं पोतं खाली ठेवलं, कोपरा नीट केला.

"माहीत आहे, काकू-सान."

तिला वाटलं, आपण जपानी चुकीचं बोललो.

"नऊ वर्षं तुम्ही माझ्या कपाळाला लावत होता," तो म्हणाला. "तो रंग मला ओळखू येणार नाही का? तळहातावर होता. पुसला मी."

"मग खांद्याचं का सांगितलंस?"

तो नेहमीसारखाच हळू बोलत होता, आणि नेहमीसारखंच तिला पुढे झुकून ऐकावं लागत होतं. "बर्फावर माझ्या डोक्यात एवढंच आलं की आता तिला कुणीतरी उचलून बसवावं लागणार, न्हाऊ घालावं लागणार, जेवू घालावं लागणार. ते मी करू शकणार नव्हतो. तुम्हीच करणार होता. तिने तुमच्याकडे पाठ फिरवली असती तर ती कुणाकडे गेली असती?" त्याने पोत्याची गाठ घट्ट केली. "माझ्यावर चिडली तर तेवढं चालण्यासारखं होतं."

सुप्रभा तेव्हा रडली. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा, त्या पोत्यांच्या मध्ये उभी राहून, तोंडाला पदर नसल्यामुळे दोन्ही हात लावून रडली. शुम्पेईने जवाचा थंड चहा आणला आणि ती पिईपर्यंत तो दुसरीकडे बघत उभा राहिला.

"तिला सांगू नका," निघताना तो म्हणाला. "आता ती चालायला लागली आहे. आणि सरकल्यावरसुद्धा धरायला हवं होतं. ते माझंच काम होतं."

परतीच्या गाडीत तिला बसायला जागा मिळाली तरी ती दारापाशी उभी राहिली. सांगू नकोस, असं सांगणारी आता दोन माणसं झाली होती, आणि दोघंही तिच्या भल्याचंच सांगत होती. गप्प राहिलं तर राधिका तिच्या खांद्यावर डोकं ठेवत राहणार होती. आणि हा चोवीस वर्षांचा मुलगा आयुष्यभर पोती वाहत, जोडीदाराला फसवणारा म्हणून राहणार होता. तिच्या ताटात जेवून ताट विसळून ठेवणारा मुलगा. सुप्रभाला स्वतःची किळस आली. एवढं होऊनही नागोया येऊ नये असं तिला वाटत होतं.

घरी राधिका जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. श्रीहरी अजून ऑफिसात होता. सुप्रभाने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. सकाळचा सराव, उसवलेली शिवण, मलमल, हाताची जागा, न्हाणीघर, कचऱ्याची पिशवी, पार्किंग, ताजिमी, सगळं जसं घडलं तसं सांगितलं. स्वतःला सांभाळून घेणारं एकही वाक्य त्यात येऊ दिलं नाही. शुम्पेई काय म्हणाला तेही सांगितलं.

राधिका ऐकत होती. मध्ये तिने लॅपटॉप मिटला.

"खांदा?" तिने जपानीत विचारलं.

"खांदा ठीक होता. सुरुवातीपासून ठीक होता."

"म्हणजे त्याने मला फसवलं नव्हतं." हे ती आईला म्हणत नव्हती. "आठ महिने, आई. त्याची पत्रं तूच नेऊन टाकत होतीस ना पोस्टात?"

सुप्रभाने होकारार्थी मान हलवली.

"ते शिवताना मला विचारलं का नाहीस?"

सुप्रभाने त्यावर बरीच उत्तरं तयार केली होती, आठ महिने केली होती. ती सगळी तिने बाजूला ठेवली.

"तू नको म्हणाली असतीस," ती म्हणाली.

"हो," राधिका म्हणाली. "मी नको म्हणाले असते."

ती उठायला लागली. काठी खुर्चीमागे घसरली होती, म्हणून सुप्रभा रोजच्या सवयीने आधार द्यायला पुढे झाली. राधिकाने तिला बाजूला केलं आणि भिंतीला धरून, एक एक पाऊल टाकत, ती आपल्या खोलीत गेली. दार लागलं. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला. फोनवर ती जपानीत बोलत होती. "माझ्या आईच्या हातून झालं," ती शुम्पेईला सांगत होती, आणि रडत रडत आईच्या वतीने त्याची माफी मागत होती. सुप्रभा दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. दार वाजवायची तिची हिंमत झाली नाही.